कूलरची जागा

हिंगणा रस्त्याकडच्या माझ्या शेडच्या पश्चिम भिंतीत, छातीएवढ्या उंचीवर, एक चौकोनी झरोका आहे. शेड बांधली तेव्हा त्या झरोक्यात धूर आणि धूळ बाहेर ओढणारा एक्झॉस्टचा पंखा होता आणि ग्राइंडिंगचे टेबल त्याला लागून ठेवले होते. ही मांडणी माझीच होती. डिप्लोमाच्या वर्गातल्या ज्या थोड्या गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या, त्यांपैकी ही एक: धूळ जिथे उठते तिथेच तिला धरावे, माणसाच्या नाकापर्यंत येऊ देऊ नये. मला हे ठाऊक होते, एवढे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पुढे जे झाले ते अजाणतेपणी झाले, असा समज वाचणाऱ्याने करून घेऊ नये.

आम्ही कूलर तयार करतो. नागपुरात हा धंदा संक्रांतीपासून जागा होतो आणि होळीनंतर माणसाला बसू देत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या टाक्या आणि लोखंडी अँगलचे स्टँड वेल्डिंगने जोडायचे, मग प्रत्येक सांधा ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायचा. ग्राइंडरचे चाक लोखंडाला लागले की ठिणग्या उडतात. त्या दिसतात, म्हणून त्यांच्यापासून जो तो स्वतःला वाचवतो. ठिणग्यांसोबत पिठासारखी करडी धूळ उठते, ती मात्र उन्हाच्या तिरिपेखेरीज कुठे दिसत नाही. जस्ताचा धूर तर आमच्याकडे थट्टेवारी नेला जाई. दोन-तीन महिन्यांच्या खंडानंतर काम सुरू झाले की पहिल्या दिवसांत एखाद्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरे, तोंडाला गोडसर धातूची चव येई आणि सकाळी ताप उतरलेला असे. सगळे त्याला म्हणत, "सीझन लागला गा तुले!" त्यावर दूध प्यायचे आणि छातीतल्या धुळीवर गूळ खायचा, ही आमची रीत. सुट्टीच्या वेळी प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा मी स्वतः ठेवत असे. त्या खड्याने माझे कर्तव्य पुरे झाले, असे मला वाटे.

ग्राइंडिंगचे टेबल दादांचे होते. दादा नात्याने माझे कोणी नव्हेत, वयाने चार वर्षांनी मोठे. त्यांचे घर उमरेडच्या विणकरांचे. त्यांच्या वडिलांनी नागपुरात येऊन खड्डामाग टाकला आणि तो माग वडिलांच्या मागे घरात तसाच राहिला. दादांची पत्नी त्यावर पंचे विणत असे. दादा स्वतः तरुणपणीच लोखंडाकडे वळले. सांधा घासून झाला की ते ग्राइंडर बाजूला ठेवत, ओठ जुळवून सांध्यावर एक लांब फुंकर मारत, धूळ उडाली की डोळे मिटून अंगठा फिरवत आणि मग "हं" म्हणत. तो "हं" ऐकल्याशिवाय स्टँड रंगाला जात नसे.

"माहा बाप कापडावर बोट फिरवून तुटला धागा सांगे," ते म्हणत. "मी लोखंडावर फिरवतो. बाकी धंदा तोच हाय."

तोंडाला त्यांचा ओला दुपट्टा बांधलेला असे. उन्हाळ्यात सारे नागपूरच तोंडाला दुपट्टा बांधून हिंडते, तेव्हा आम्हाला त्यात काही कमी वाटले नाही. वेल्डिंग करणारा आमचा माणूस दादांहून बराच लहान, तोंडाने फटकळ. तो रोज सकाळी म्हणे, "काय गा दादा, नवरी बनून कुठी चालला? सासरी का?"

"तुह्या बापाच्या वरातीत. चाल, आन तो स्टँड इकडे. वेल्ड केला का भजे तळले?"

मी एकदा चांगले मास्क आणून दिले होते. दादांनी एक तोंडाला लावून पाहिला आणि दोन मिनिटांत गळ्यात उतरवला. "भाऊ, हा तोबरा घोड्याले बांधा. गरमीत जीव घुसमटते." मी हसलो. मास्क खिळ्याला टांगले गेले आणि त्यांच्यावरही करडी धूळ बसली. कापडाच्या विणीने लूचा गरम वारा अडतो, पण घासल्या लोखंडाची धूळ त्यातून पिठाच्या चाळणीतून मैदा जावा तशी जाते, हे मी त्या हसण्याऐवजी सांगू शकलो असतो.

सात वर्षांपूर्वीच्या चैत्रात ऊन असे पेटले की पत्र्याच्या छताखाली उभे राहवेना. वेल्डरने मला हाक मारून झरोक्याकडे बोट दाखवले.

"भाऊ, हा पंखा आतली हवा बाहेर फेकते अन् शटरमधून लू आत घेते. साऱ्या गावाले कूलर देऊन राहिलो आपण, अन् आपल्याच डोक्यावर होळी!"

त्याचे बोलणे खरे होते. मी दुसऱ्याच दिवशी पंखा उतरवला, झरोका वीतभर वाढवून घेतला आणि त्यात आमचाच एक नवा कूलर बसवला. बाहेरून पाणी, वाळ्याच्या नव्या ताट्यांचा ओला वास, आत थंड झोत. शटर अर्धे खाली ओढले. त्या दिवशी सगळ्यांनी मला दुवा दिला. "भाऊनं आज पुण्य कमावलं," असे वेल्डर ओरडून म्हणाला. पंखा कापडात गुंडाळून माळ्यावर गेला.

पहिल्या दिवशी झोत टेबलावरून थेट दादांच्या तोंडावर येत होता आणि डोळ्यांत धूळ जात होती. दादांनी टेबल फिरवले आणि कूलरकडे पाठ करून ते उभे राहिले. आता वारा पाठीवरून पुढे जातो, तेव्हा धूळही पुढेच जाईल, असा आम्हा सर्वांचा हिशेब. ती शेडमधली सगळ्यांत थंड जागा. ती दादांनाच मिळावी असे मी सर्वांसमोर सांगितले. वयाचा आणि कसबाचा मान म्हणून ती मी त्यांना दिली, आणि देताना मला स्वतःविषयी बरे वाटले होते.

पावसाळ्यात कूलरला प्लास्टिक गुंडाळले गेले, हिवाळ्यात झरोक्यातून गार वारा नको म्हणून ते तसेच राहिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तर प्रश्नच नव्हता. असे सात उन्हाळे गेले. धूळ बाहेर जायला वाट उरली नव्हती. संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या नळीने एकमेकांच्या कपड्यांवरची धूळ उडवताना शेड करडी होई, आणि त्या करड्या हवेत मी गूळ वाटत असे.

दादांना खोकला लागला तो कधी, हे मला सांगता येत नाही. खोकला शेडमध्ये सगळ्यांनाच असे. मला आठवतो तो गेल्या वर्षीचा एक दिवस, पाऊस लांबलेला होता. दादांनी सांधा घासला, दुपट्टा खाली ओढला, ओठ जुळवले आणि फुंकर मारली. धूळ हलली नाही. त्यांनी पुन्हा मारली. सांध्यावरचा करडा थर जरासा थरथरला आणि तसाच राहिला. दादांनी इकडे तिकडे पाहिले, कोणी बघत नाही असे समजून तळहाताने तो पुसला, आणि अंगठा फिरवून "हं" म्हटले. मी शटरपाशी उभा होतो.

पोळा झाल्यावर मी त्यांना रामदासपेठेत छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर बाई तिशी-पस्तिशीच्या, शांत. त्यांनी एका यंत्राची नळी दादांच्या तोंडात दिली आणि सांगितले, "पूर्ण श्वास घ्या आणि जेवढ्या जोरात फुंकता येईल तेवढ्या जोरात फुंका." ज्या माणसाची फुंकर शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत असे, त्या माणसाने तीनदा फुंकले आणि तिन्ही वेळा कागदावरची रेघ खालच्या खाली राहिली.

"काम काय करता?"

"कूलरच्या कारखान्यात हाव जी. ग्राइंडिंग."

"धूर-धूळ बाहेर काढायला पंखा आहे का तिथे?"

"हाय ना जी. भाऊनं शेड बांधली तवापासून हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. खोलीत आम्ही तिघेच होतो. मी मान हलवली. तोंडाने मी एक शब्दही उच्चारला नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस या एका सोयीच्या गोष्टीवर मी स्वतःला खोटे बोलल्याच्या आरोपातून सोडवत राहिलो.

"बिडी?"

"नाही जी. सुपारी खातो थोडी."

"घरी धुळीचं काही काम?"

"घरी माग हाय. घरची पंचे विणते. लहानपणापासून सुतातच हाव आमी."

डॉक्टरांचे पेन तिथे थांबले. सुताच्या तंतूंनीही छाती धरते, असे त्यांनी समजावून सांगितले. जेवढे आम्ही त्यांना सांगितले तेवढ्यावरून कोणीही हेच म्हटले असते. कामावर पंखा चालू ठेवा आणि मास्क लावा, घरातला माग मात्र बंद करा, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. दादांना ओढून घ्यायचे औषध मिळाले आणि काम चालू ठेवण्याची मुभा मिळाली. ती मुभा माझ्या हललेल्या मानेवर उभी होती.

परतताना गाडीत मी विचारले, "दादा, पंखा कुठे आहे?"

"माळ्यावर हाय ना. खोटं कुठी बोललो मी?" ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाले, "अन् त्या बाईसमोर तुमची मान खाली घालू काय, भाऊ? तुमी मले थंड्या जागेवर उभं केलं."

दुसऱ्या दिवशी पंखा परत बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. मी ते केले नाही. पंखा बसवला असता तर तो काढला होता हे शेडमधल्या सर्वांसमोर उघड झाले असते, असे मला वाटे. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांदेखत तो मी उतरवला होता, त्यांच्यापासूनच मला ते लपवायचे होते. भित्र्या माणसाचे तर्कशास्त्र असेच असावे. मी नवे मास्क आणले आणि दादांना आठवण करून देत राहिलो. ते समोर लावत, मी वळलो की गळ्यात उतरवत. तीन महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे जायचे होते. दादा म्हणाले, औषधाने बरे आहे. मी म्हणालो, बरे. माझ्या मानेला पुन्हा एकदा उत्तर द्यावे लागेल, ही भीती त्या "बरे"मध्ये होती.

दिवाळीच्या सफाईत त्यांच्या घरचा माग मोडल्याचे मला कळले. खड्डा बुजवला, वर फरशी घातली. मी तिथे सीझनचा उरलेला एक कूलर भेट म्हणून पाठवला. का पाठवला, हे तेव्हा मी स्वतःला विचारले नाही.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दादा खाटेवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचललेले. श्वास घेणे हेच त्या वेळी त्यांचे काम झालेले होते. तरी सकाळी ते शेडमध्ये येऊन गेले होते. सीझन तोंडावर होता. कोपऱ्यात, नव्या फरशीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला माझा कूलर उभा होता. वहिनींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मी "गोड गोड बोला" म्हणण्याच्या आत त्या बोलू लागल्या.

"भाऊजी, एक विचारू? तुमी शिकलेले हा, म्हणून विचारतो. यायच्या बापानं साठ वर्षं माग चालवला. म्हातारा ऐंशी पार करून गेला, त्याले खोकला माहीत नव्हता. मी वीस वर्षं त्या खड्ड्यात पाय टाकून बसली. मले काई नाही झालं. मंग यायलेच काहून झालं?"

"अवं, राहू दे ना वं," दादा म्हणाले.

"काहून राहू देऊ? डॉक्टरीनबाईनं सांगितलं म्हणून मी माग मोडला. सासऱ्याच्या हातचा माग. लाकडं माह्या हातानं उचलून देली. मोडला न् माग? मंग खोकला काहून नाही गेला? तीन महिने झाले, वाढूनच राहिला."

त्या रडत नव्हत्या. त्यांना खरोखर उत्तर हवे होते, आणि त्या घरात ते फक्त माझ्यापाशी होते. माझ्या हातात तिळगूळ होता. मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारून सांगतो." हेही खोटेच होते, विचारायचे काही नव्हते, सांगायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा रामदासपेठेत गेलो आणि माझी पाळी येईपर्यंत बसून राहिलो. आत गेल्यावर जे होते ते सांगितले: पंखा सात वर्षांपूर्वी काढला, त्या जागी कूलर आहे, धूळ बाहेर जात नाही, आणि तुम्ही विचारले तेव्हा मी मान हलवली. डॉक्टर बाईंनी मला एक कागद दिला आणि टेबल कुठे, कूलर कुठे, माणूस कुठे ते काढायला सांगितले. मी काढले. दादांची आकृती मी पाठ कूलरकडे करून काढली.

"नदीत मोठा दगड असला की त्याच्या आडोशाला पाणी गोल फिरत राहतं, पाहिलं असेल तुम्ही," त्या म्हणाल्या. "पाठीवर वारा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या छातीपुढे हवेचं तसंच होतं. धूळ पुढे जात नाही. तिथेच फिरते आणि वर तोंडाशी येते."

म्हणजे शेडमधली सगळ्यांत वाईट जागा तीच होती, आणि ती मी मान म्हणून दिली होती.

दादांना त्यांनी त्याच आठवड्यात बोलावले. पुन्हा नळी, पुन्हा फुंकणे, मोठी तपासणी. रेघ भाद्रपदातल्या रेघेच्याही खाली होती. फुप्फुसे कडक होत चालली आहेत, गेलेले परत येणार नाही. धुळीपासून दूर राहिले तर राहिलेले टिकवण्याचा प्रयत्न करता येईल, ग्राइंडर मात्र आजपासून बंद. दादा बाहेर गेल्यावर मी विचारले, "त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर?"

"त्या दिवशीच काम बंद करायला सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावले. त्या रागावल्या असत्या तर मला आधार मिळाला असता.

दादांना आणि वहिनींना मी त्यांच्या घरीच सांगितले, बसायला दिलेल्या खुर्चीवर न बसता. पंखा, कूलर, जागा, मान. दादा खाली पाहत ऐकत होते. मला वाटले होते ते म्हणतील, जाऊ द्या भाऊ; आणि हे वाटणेसुद्धा किती निलाजरे होते, हे मला त्यांच्या प्रश्नाने कळले. त्यांनी एकच विचारले.

"मंग मागाचं काईच नव्हतं?"

"नव्हतं, दादा."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिले. तिथे कूलर होता. मी म्हणालो, तो घेऊन जातो, सुतार आणतो, माग पुन्हा उभा करून देतो. वहिनी म्हणाल्या, "लाकडं लोकायच्या चुलीत गेली, भाऊजी. सासऱ्याच्या हातची घडण कोणता सुतार देईन?" मग, "कूलर राहू द्या. यायले उन्हाळ्यात लागन." त्या वाक्यात क्षमा आहे की नाही, हे शोधण्याचा अधिकार मला नाही, म्हणून मी ते शोधत नाही.

पंखा मी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून काढला. कापड उलगडताना सगळे जमले. मी त्यांना सांगितले की हा मी काढायला नको होता, आणि डॉक्टरांपासून मी हे लपवले. वेल्डर पुढे होऊन शिडी धरून उभा राहिला. झरोका पुन्हा लहान करून घेतला, टेबल पंख्यासमोर आणले, आणि ग्राइंडरच्या तोंडाजवळून धूळ ओढणारी पत्र्याची नळी बसवली. घट्ट बसणारे मास्क माणसागणिक दिले आणि दर महिन्याला बदलतो. दाढी असली की मास्कच्या कडेने धूळ आत येते, म्हणून दाढ्या गेल्या. वेल्डिंगच्या जागी पत्र्यावरचे जस्त आधी काढून घेतो. कॉम्प्रेसरची नळी मी कुलपात ठेवली. कपडे आता ओल्या फडक्याने पुसायचे, शेड पाणी शिंपडून झाडायची. गूळ अजून वाटतो, पण तो गूळ आहे, औषध नाही, हे वाटताना सांगतो. वेल्डर म्हणतो, "भाऊ, रोज काय सांगता? गुळाले बी राग येईन." मी तरी सांगतो.

या चैत्रात दादा एकदा आले. शेडमध्ये यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे, म्हणून ते फाटकाबाहेर कडुलिंबाखाली खुर्चीवर बसले. रिक्षातून उतरून खुर्चीपर्यंतच्या दहा पावलांना त्यांना दोनदा थांबावे लागले. तोंडाला दुपट्टा होता, उन्हापुरता.

"कूलर कुठी लावला आता?" त्यांनी विचारले.

"शटरच्या बाजूला. वारा टेबलावर येत नाही. त्यामुळे ग्राइंडिंगवाल्याला गरम होतं फार."

"होऊ द्या." दोन श्वास घेऊन, "बोंबलतीन. ऐकू नका."

तेवढ्यात वेल्डर एक घासलेला स्टँड बाहेर घेऊन आला. आता दादांच्या टेबलावर दुसरा माणूस आहे आणि त्याचा "हं" कोणालाच पटत नाही. "दादा, बघून दे ना गा," वेल्डर म्हणाला. या वेळी त्याने नवरीची थट्टा केली नाही.

दादांनी दुपट्टा खाली ओढला, स्टँड मांडीवर घेतला आणि सांध्यावर ओठ जुळवले. मग तसेच थांबले. वेल्डरने मान वळवून रस्त्याकडे पाहिले. दादांनी दुपट्ट्याचे टोक बाटलीतल्या पाण्याने ओले केले, सांधा पुसला, डोळे मिटून अंगठा फिरवला. फिरता अंगठा एका जागी अडला.

"इथी टोचते. घास पुन्हा."

वेल्डर स्टँड घेऊन आत गेला. पंखा सुरू झाला, मग ग्राइंडर. अर्ध्या शटरखालून उन्हाची एक तिरीप टेबलापर्यंत गेली होती आणि तिच्यात करडी धूळ भिंतीकडे, झरोक्याकडे सरकताना दिसत होती. दादा ती बघत होते. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून त्यांचे श्वास मोजत होतो.